कोरी नळी

सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्यांच्यावर चिडूनच प्रयोगशाळेत नळ्या धूत होते. लातूरच्या आमच्या कॉलेजात वाघमारे सर रसायनशास्त्र शिकवायचे, माझ्या पीएच.डी.चे मार्गदर्शकही तेच. प्रबंधावरच्या त्यांच्या एका सहीसाठी मी सहा वर्षं अडकून पडले होते.

सर मूळचे लोहा गावचे, बोलणंही तिकडचंच. खतासाठी अमोनिया करायला कारखान्यात अचाट उष्णता आणि दाब लागतो, धूरही तेवढाच. सरांना तोच अमोनिया साध्या हवेतला नायट्रोजन, पाणी आणि गच्चीवरची सौरवीज एवढ्यावर करायचा होता. अमोनिया झाला की तपासणीचं द्रावण निळं होतं. आमचं झालं! मी पेढे आणले. सरांनी पेढ्याला हात लावला नाही. नायट्रोजन बंद करून नुसत्या आरगॉन वायूवर कोरी चाचणी लावली. आरगॉनपासून अमोनिया होऊच शकत नाही. तरी नळी निळी.

"पोरी, हे आपलं न्हाई. भाईरून कुठून तरी येऊन राहिलंय."

प्रयोगशाळेमागे म्हशींचा गोठा होता, आणि शेणमुताच्या वासातही अमोनिया असतो. सरांनी खिडक्यांना चिकटपट्ट्या मारल्या, दाराच्या फटी बुजवल्या, पंखाही बंद. त्या कोंडलेल्या खोलीत आम्ही घामाघूम... आणि कोरी नळी निळीच. एकदा रडकुंडीला येऊन मी म्हटलं, "सर, कोरी चाचणी कोण विचारतंय?"

"मी इचारतो की. सही मातर मागू नको."

किडनीचं दुखणं त्यांना पहिल्यापासूनच. शेवटी शेवटी डायलिसिसहून थेट खोलीत यायचे, दार लावून उघड्या नळ्यांवर वाकून बसायचे, तोंड अगदी जवळ नेऊन.

ते गेल्यावर महिन्याभराने मी एकटीने कोरी चाचणी लावली. नळी पाण्यासारखी स्वच्छ! मग दुसऱ्या नळीत नायट्रोजन सोडला... तीही स्वच्छ. म्हणजे आमचा अमोनिया कधी झालाच नव्हता.

किडनी निकामी झालेल्या माणसाच्या श्वासात अमोनिया असतो. हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं, आणि दोघांच्याही डोक्यात आलं नाही. मी तिथेच फरशीवर बसून रडले.

नवे मार्गदर्शक म्हणतात, जुने आकडे आहेत ना, द्या, लगेच सही करतो. प्रबंध टेबलावर पडून आहे. मला तो देता येत नाही, फाडताही येत नाही.

सरांच्या शेवटच्या दिवसाची एक नळी स्टँडवर आहे, बूच लावलेली, फिकट निळी. चिठ्ठीवर त्यांच्या अक्षरात 'कोरी' लिहिलंय. बाकी सगळ्या मी धुतल्या. हिचं बूच मी काढत नाही.