बांधावरच्या काळ्या तारा

भातकापणी उरकल्यावरच्या आठवड्यात, पळसदरीजवळच्या एका वाडीतील शेतकरी बाईला आम्ही चोरीच्या संशयावरून पोलीस ठाण्यात आणले. तिच्या देव्हाऱ्यातून तीन जुनी सोन्याची नाणी जप्त झाली होती. त्या वेळी मी कर्जत-खालापूर भागात ठाण्याचा प्रभारी अधिकारी होतो.

फिर्यादी मुंबईचा. पळसदरीच्या धरणाकडे त्याचा बंगला होता आणि ही बाई तिथे शनिवार-रविवार स्वयंपाक करी. आपल्या घराण्यातली रोमन सुवर्णनाणी मखमली डबीतून गेली, असे त्याने फिर्यादीत लिहून दिले. बाई त्यातले एक नाणे घेऊन कर्जतच्या सराफाकडे गेली होती, ही खबरही त्यानेच दिली. चोरी, चोर आणि मुद्देमालाचा ठिकाणा फिर्यादीने एका दमात सांगितला, की मी आधी फिर्यादीकडे बघतो. ही सवय मला नोकरीने लावली.

बाई पन्नाशीच्या आसपासची. सातवीपर्यंत शिकलेली. महिला शिपायाशेजारी ती ताठ बसली होती. हवालदार तिच्याच पट्ट्यातला. त्याने समजुतीने सुरुवात केली.

"मावशे, कबूल करून टाक गं. शेट माफ करंल."

"त्यो कोन माफ करनार? माज्या शेतात गावली ती. वालासाठी वरचा तुकडा खनत व्हते, मडकं लागलं. जमिनीतून निघालं ते आदी देवाम्होरं ठेवायचं, ही आमची रीत हाय."

"मग सराफाकडं कशाला गेलीस?"

"खरी पुतळी हाय का बगाया. माज्या सासूच्या गळ्यात पुतळ्यांची माळ व्हती. त्यावर असाच उभा मानूस. त्यो सराफ म्हनला, वितळवून सोन्याचा भाव देतो. मी म्हनलं, तुजी बायको वितळव."

हवालदार हसला आणि तिने त्याच्याकडे असे पाहिले की तो थांबला.

तिने जबाबावर सही करायला नकार दिला. मजकुरात 'नाणी घेतली' असे होते. "गावली लिवा. न्हाईतर घाला आत. पन सायेब, एक ध्यानात घ्या. आज चोर ठरले तर उद्या एकाबी बंगल्याच्या चुलीपाशी मला कोन उभं करनार नाय."

मजकूर दुरुस्त केला. तेवढ्यात वरून फोन आला. फिर्यादीची ओळख वरपर्यंत होती. मुद्देमाल मिळाला आहे, अटक दाखवा आणि मोकळे व्हा, असा निरोप होता. शेतातल्या जागेच्या पंचनाम्याआधी अटक होणार नाही, असे मी उत्तर दिले आणि संभाषणाची नोंद स्टेशन डायरीत केली. पुन्हा फोन आला. दुसरी नोंद झाली. तिसरा आला नाही.

चौकशीत एकच प्रश्न दोन्ही बाजूंना, एकमेकांच्या अपरोक्ष विचारायचा, ही माझी पद्धत होती. नाण्यांसोबत आणखी काय होते?

फिर्यादी म्हणाला, "काहीच नाही. नाणीच फक्त. डबी आमच्या आजोबांची."

बाई म्हणाली, "काय नाय. तारा व्हत्या."

"कसल्या तारा?"

"काळ्या. केसातल्या आकड्यावानी दुमडलेल्या. मडकं फुटलं व्हतं, खापरासकट बांधावर फेकल्या."

दुसऱ्या दिवशी दोन पंच आणि तलाठ्याला घेऊन आम्ही शेतावर गेलो. बाई पुढे चालत होती. फिर्यादीलाही सोबत घेतले होते. बांधावर गवत होते. हवालदार वाकून शोधू लागला, तशी बाई मागून म्हणाली, "नीट बग रं, तुज्या पायाखाली हाय."

खापरे मिळाली. तारा मिळाल्या. बोटाएवढ्या, मधोमध दुमडलेल्या, टोकाला चपट्या. एका खापराच्या आत वाळलेल्या मातीचा गोळा होता. त्यात दोन तारा रुतलेल्या होत्या आणि त्यांच्यामध्ये सोन्याची कड चमकत होती. गोळा न फोडता आम्ही तो जागेवरच सीलबंद केला. फिर्यादीला विचारले, हेही तुमच्या डबीतले का? त्याने वकिलाला फोन लावायची परवानगी मागितली.

पुरातत्त्व खात्याच्या तज्ज्ञ बाईंनी गोळा आमच्यासमोर उघडला. आतले नाणे देव्हाऱ्यातल्या नाण्यांसारखेच निघाले. त्यांच्या अहवालाप्रमाणे ही नाणी रोमन नव्हतीच. ती इटलीतल्या व्हेनिस शहराची, समुद्री व्यापारातून कोकणात आलेली. आपल्याकडे त्यांनाच पुतळी म्हणत. अक्षरे रोमन लिपीत असल्यामुळे फिर्यादीने नाणीच रोमन ठरवली होती. मातीत काळ्या पडलेल्या तारा म्हणजे लारी, आदिलशाही काळात कोकणच्या बंदरांत चालणारे चांदीचे नाणे. किमतीबद्दल विचारल्यावर त्या म्हणाल्या, "सुटी पुतळी बाजारात मिळते. लारीसोबत, मडक्यासह आणि जागेच्या पुराव्यासह मिळालेली पुतळी मोलाची असते. सोन्याचा भाव यात सगळ्यात शेवटी येतो."

सराफाला बोलावले. तो लगेच बोलला. फिर्यादी त्याचा जुन्या नाण्यांचा गिऱ्हाईक होता. बाई दुकानात असतानाच सराफाने नाण्याचा फोटो आणि तिचे नाव-गाव फिर्यादीला मोबाईलवर पाठवले होते. मडक्याची आणि तारांची गोष्ट बाईने सराफाला सांगितलीच नव्हती, म्हणून फिर्यादीला ती ठाऊक नव्हती.

या प्रकरणाने मला एक गोष्ट शिकवली. खोटे बोलणारा माणूस किमती वस्तूंचीच उजळणी करून येतो. मातीची, फुटक्याची, फेकून दिलेल्याची उजळणी तो करत नाही. तपास तिथून सुरू करावा.

बाईवरचा गुन्हा रद्द झाला. ठेवा जिल्हाधिकाऱ्यांकडे जमा झाला आणि शोधणाऱ्याचा हिस्सा तिच्या नावे मंजूर झाला. फिर्यादीवर खोट्या फिर्यादीचा खटला भरला गेला. सुनावणीआधी तो वकिलासह ठाण्यात आला आणि पंचांसमोर त्याने बाईची माफी मागितली.

बाईने विचारले, "झालं बोलून?"

वकिलाने पुढे केलेल्या तडजोडीच्या कागदावर तिने सही केली नाही. खटला चालला. तिची साक्ष झाली. तो दोषी ठरला.