गुलाबी काठाची वायर

गोंदियाच्या दवाखान्यातल्या शेवटच्या भेटीत तुमचे आजोबा मला एवढेच म्हणाले, "रविवारी पोरायचा फोन हाये. वायर काढू नको." तो रविवार यायच्या आतच ते गेले...

ती वायर म्हणजे हातभर लांबीची पॅच कॉर्ड. तिचे एक टोक लॅपटॉपमध्ये जाई, दुसरे अॅम्प्लिफायरमध्ये. अर्जुनी मोरगावच्या आसपास धानाची कापणी उरकली की नाटकांचा हंगाम सुरू होतो. आजोबांनी उभा जन्म त्या नाटकांना साउंड पुरवला. माइक, मिक्सर, अॅम्प्लिफायर जोडणाऱ्या वायरी ते स्वतः सोल्डरचा डाग देऊन बनवत. वायरीच्या दोन्ही टोकांना आणि ती जिथे खोचायची तिथेही माझ्या जुन्या साडीच्या काठाची एकसारखी पट्टी लावत, म्हणजे स्टेजमागच्या घाईत कोणाची चूक होत नसे. "मॅडमच्या साड्यायवर नाटक चालून राहिलं," असे ते माझ्याकडे बघत चारचौघांत म्हणत. मग मी नवी साडी मागून घेई.

भोंग्यांजवळ राहून त्यांचे कान गेले. कानातले मशीन त्यांना सोसेना. मग तुमचा रविवारचा फोन ज्यावर यायचा तो लॅपटॉप त्यांनी जुन्या अॅम्प्लिफायरला जोडला आणि तुमचे बोलणे गल्लीभर ऐकू जाऊ लागले. समोरच्या गिरजाबाई दुसऱ्या दिवशी विचारत, "काऊन जी मॅडम, नातवाले सर्दी झाली का?" मी चिडले की आजोबा हसत. "आपलेच पोरं हायेत. आयकू दे."

ते गेल्यावर पाहुण्यांनी घर आवरताना सगळ्या वायरी काढून पोत्यात भरल्या. मला भान नव्हते. पुढे मी तुमच्याशी मोबाइल कानाला लावून बोलत राहिले. एका सकाळी गिरजाबाई फाटकाशी थांबल्या. "पोरं आता फोन नाही करून राहिले का जी?" आजोबांनी सांगितलेले एकच काम माझ्याकडून राहून गेले होते.

पुढच्या रविवारी मी पोते पालथे केले. माझ्या लग्नातल्या शालूचा गुलाबी काठ लगेच ओळखू आला. पट्टीला पट्टी जुळवली, दोन्ही टोके खोचली. तुमचा फोन आला, पण आधी नुसती घरघर... मग आजोबा करत तसे वायरीची पिन धरून घट्ट दाबली.

"हॅलो आजी," तुम्ही म्हणालात. मी तोंड उघडायच्या आत समोरच्या अंगणातून गिरजाबाईंचा आवाज आला, "बोला रे पोरंहो, आयकून राहिलो."

वायर आता तिथेच आहे. मी ती काढत नाही.