झरीपर्यंतची फेरी

उत्तम मिस्त्री गेल्याचा फोन आला तेव्हा मी पुण्यात मुलीकडे होतो, नातवाच्या शाळेच्या फाटकाशी उभा. त्यांच्या मेहुण्याचा फोन होता. "सर, भाऊजी गेले. सकाळीच." मी निघतो म्हणालो आणि निघालो नाही. रेल्वेचं तिकीट मिळालं नाही हे खरं, पण मिळालं नाही याचं थोडं बरं वाटलं, हेही खरंच. पुढे त्यांना श्रद्धांजली वाहायच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मात्र परभणीत पोचलो. तिथे मला बोलायला उभं केलं. चाळीस वर्षं शाळेत गाणं शिकवलं, मला बोलायला काय लागतं? दहा मिनिटं छान बोललो, बायकांनी डोळे पुसले, आणि जे सांगायला हवं होतं तेवढं सोडून सगळं सांगून खाली बसलो. ते आता इथे लिहितो आहे.

जिंतूर रोडला मिस्त्रींचं पत्र्याचं गॅरेज होतं. चारही चाकांना ताकद जाणाऱ्या जीपगाड्या, ज्यांना तिकडे सगळे नुसतं 'फोर व्हील' म्हणतात, त्या दुरुस्त करण्यात त्यांचा हात धरणारा आमच्या भागात कुणी नव्हता. बाकीचे मिस्त्री गाडी आली की बॉनेट उघडत. हे आधी गिऱ्हाईकाला प्रश्न विचारून हैराण करत. आवाज कधी येतो, चढावर की उतारावर, पाय उचलल्यावर वाढतो की कमी होतो... मग चपला काढून अनवाणी गाडीत बसत आणि त्याच रस्त्यावरच्या झरी गावापर्यंत जाऊन परत येत. थरथर आधी तळपायाला कळते, असं त्यांचं म्हणणं. डावा हात कायम गिअरच्या दांड्यावर असे.

माझा त्यात शिरकाव झाला तो माझ्या आगाऊपणामुळे. माझी स्कूटर दाखवायला गेलो होतो. शेजारच्या जीपची घरघर ऐकून मी सहज म्हणालो, ही पेटीच्या काळी एकमध्ये रडते आहे. मिस्त्री हसले नाहीत. त्यांनी मला त्या जीपमध्ये बसवलं, रस्त्यावर वेग घेऊन गाडी न्यूट्रल केली आणि विचारलं, "आता सूर तोच हाय का उतरला?" इंजिन शांत झालं तरी सूर तोच होता. म्हणजे दोष इंजिनात नाही, चाकांबरोबर फिरणाऱ्या भागात आहे. संगीताचा असाही उपयोग असतो हे मला त्या दिवशी कळलं. पुढे त्यांचे कान हळूहळू गेले. आयुष्यभर पत्रा ठोकणाऱ्या माणसाचे जातातच. कानाचं यंत्र त्यांनी आणलं, पण ते खिशात राही. त्यांना बारीक आवाज ऐकू येईना तेव्हापासून आमची वाटणीच ठरली. थरथर त्यांची, आवाज माझा. शाळा सुटली की मी गॅरेजवर. बायको म्हणायची, शाळेपेक्षा गॅरेजची हजेरी पक्की आहे तुमची.

दोन वर्षांपूर्वी, थंडीत, जिंतूरकडच्या एका पाइपलाइनच्या कंत्राटदाराची फोर व्हील आली. पन्नास-साठच्या वेगाला खालून घुंऽऽ असा आवाज येई आणि सीट थरथरे. मिस्त्रींनी आपल्या पद्धतीने एकेक गोष्ट बाद करत आणली. चाकं अदलाबदल करून पाहिली, आवाज तसाच. न्यूट्रलमध्ये पाहिलं, तसाच. मग पुढच्या चाकांना ताकद पोचवणारा लांब शाफ्ट काढून ठेवला आणि तसेच झरीला जाऊन आलो. आवाज गायब. दोष त्या शाफ्टमध्येच. त्यांनी त्याचे झिजलेले सांधे बदलले, शाफ्ट परत चढवला आणि शेवटच्या फेरीसाठी मला हाक मारली. दुपारचे साडेतीन वाजले होते.

पाच वाजता मला एका गायन स्पर्धेला परीक्षक म्हणून जायचं होतं. शाल मिळणार होती, हार मिळणार होता, पत्रिकेत माझं नाव ठळक छापलं होतं. निवृत्त माणसाला याचं किती अप्रूप असतं ते निवृत्त झाल्याशिवाय कळत नाही. माझा झब्बा गॅरेजच्या खुंटीला इस्त्री करून टांगलेला होता आणि माझं निम्मं लक्ष त्याच्याकडे.

गाडीने पंचावन्नचा वेग घेतला आणि मला आवाज आला. आधीसारखा मोठा नव्हे. बारीक, पण सूर तोच. मी हो म्हणालो असतो तर शाफ्ट पुन्हा उतरवायचा, पुन्हा तपासायचा, पुन्हा झरी. सात वाजले असते.

मिस्त्रींनी विचारलं, "येतोय का काही, सर?"

"काही नाही. साफ आहे," मी म्हणालो.

ते थोडा वेळ तसेच चालवत राहिले. मग म्हणाले, "माझ्या हाताला थोडं लागायलंय अजून."

यावर मी हसलो. हसलो हे मला अजून झोपू देत नाही. म्हणालो, "मिस्त्री, तुमच्या हाताला सवय झालीय थरथरीची. गाडी उभी असली तरी लागेल." त्यांनी दांड्यावरचा हात उचलला, त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि स्टिअरिंगवर ठेवला. पाचला मी स्टेजवर होतो.

चार दिवसांनी कंत्राटदार आला. आवाज परत मोठा झाला होता, आणि त्याने वाटेतल्या दुसऱ्या शहरात एका मोठ्या गॅरेजात गाडी दाखवली होती. तिथे कळलं की शाफ्टचे दोन तुकडे दात्यांनी एकमेकांत बसतात, ते एक दाता पुढे बसले होते. कुठला दाता कुठे बसतो याची मिस्त्रींनी केलेली खडूची खूण रॉकेलने धुताना पुसली गेली असणार. म्हणजे चूक मिस्त्रींचीच होती, मी ती केली नव्हती. पण अशी चूक सापडावी म्हणून तर ती फेरी असते, आणि त्यांच्या हाताला ती सापडली होती. कंत्राटदार चार माणसांसमोर म्हणाला, मिस्त्री, आता घरी बसा, तुम्हाला ऐकायला येत न्हाई. मिस्त्रींनी माझं नावसुद्धा काढलं नाही. मी तिथेच बाकावर बसलो होतो.

तो गेल्यावर ते माझ्याजवळ येऊन बसले. "कान गेले त्याचं काई न्हाई, सर. तुमी होते. पण आता हाताला बी भास व्हायलेत. तुमी साफ म्हणले म्हंजी गाडी साफच होती, तरी थरथर लागली मला, अन् दाता चुकला तवा हाताला कळलंच न्हाई..." त्यांचं गणितच जुळत नव्हतं आणि ते जुळवणारं एक वाक्य माझ्यापाशी होतं. मी तोंड उघडलं नाही. पुढे कधीतरी सांगू असं मनाशी म्हणालो आणि दोन वर्षं म्हणत राहिलो. त्यांनी फोर व्हील घेणं बंद केलं. मग नुसतं ऑइल बदलायचं काम. मग शटरच खाली. मी भेटायला जाई, आम्ही पावसापाण्याच्या, पोराबाळांच्या गोष्टी करू. गाड्यांचा विषय दोघंही टाळत होतो, पण टाळण्याची कारणं वेगळी होती, आणि ती फक्त मला माहीत होती.

कार्यक्रम संपून लोक गेल्यावर वहिनींनी, मिस्त्रींच्या बायकोने, मला आतल्या खोलीत नेलं. मिस्त्री शेवटी तिथेच पडून होते. खाट उभी करून ठेवली होती आणि खिडकीशी कूलर बंद होता, त्या उकाड्यातही. मी त्याच्याकडे पाहिलं म्हणून वहिनी सांगू लागल्या. उन्हाळा लागला तसा वहिनींनी तो सुरू केला. मिस्त्रींनी पडल्या पडल्या त्यावर हात ठेवला आणि म्हणाले, याचं बेरिंग गेलंय, बघ बरं. वहिनींनी कान लावला. त्यांना काही ऐकू आलं नाही, चांगलाय की, असं त्या म्हणाल्या.

"मी म्हणलं तसा हात काढून घेतला त्यायनी. म्हणले, तू म्हणतीस तर नसंल. माझ्या हाताचं काई खरं न्हाई आता." वहिनींनी डोळ्यांना पदर लावला. "ते गेले अन् आठव्या दिवशी जाम झाला कूलर. बेरिंगच हुतं. मला खरंच आवाज आला नव्हता हो, सर."

"तुम्हाला आला नव्हता, वहिनी. मला आला होता," मी म्हणालो. मग सगळं सांगितलं. झरीची फेरी, झब्बा, शाल, माझं हसणं. काहीही राखलं नाही.

वहिनी ऐकत राहिल्या. बराच वेळ कूलरच्या जाळीवरची धूळ बोटाने काढत होत्या. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "हे त्यायला सांगायचं हुतं."

त्या घरातून चहा न घेता मी पहिल्यांदाच निघालो.