मैदानावर न पोचलेला निरोप

बेसबॉल या खेळाचं नाव मी पहिल्यांदा आमच्या मुलीच्या तोंडून ऐकलं. २००३ सालची गोष्ट. गोंदिया जिल्ह्यातल्या कोहमाऱ्याच्या चौकात माझं टायर-पंक्चरचं दुकान. मुलगी नववीत होती. शाळेतल्या खेळाच्या सरांनी कुठून तरी एक बॅट, चार चामडी ग्लोव्ह आणि दोन चेंडू पैदा केले आणि मुलींचा संघ उभा केला. आमची पोर चेंडू फेकायची. चिंचा पाडून पाडून तिचा नेम आधीच तयार होता.

खेळ कळो न कळो, आम्हा बापांना एक गोष्ट लगेच कळली. जिल्ह्यात या खेळाचे संघ मोजके. दोन-तीन सामने जिंकले की पोर वरच्या स्पर्धेत, तिथून प्रमाणपत्र, आणि प्रमाणपत्र असलं की दहावीला वाढीव गुण, अशी बातमी गावभर झाली होती. पोर गणितात कच्ची. मी स्वतः गणितात नापास होऊनच टायरकडे वळलेला. त्यामुळे तिच्या हातातल्या चेंडूकडे मी कधी नीट पाहिलंच नाही, त्यामागच्या कागदाकडे पाहिलं. आज हे लिहिताना लाज वाटते, पण खरं ते खरं.

सामना असला की आम्ही पाच-सहा बाप रेषेजवळ उभे राहून घसा फोडायचो. खेळ बेसबॉलचा, नियम आमचे क्रिकेटचे. "अंपायर, वाइड होता तो!" "धाव ना, झोपली का?" एकदा तर पंचांनी मला हाताला धरून झाडाखाली नेऊन बसवलं. घरी येताना मुलगी मागच्या सीटवरून म्हणाली, "बाबा, तुम्ही नोका येत जाऊ मॅचले." मी ते हसण्यावारी नेलं.

जिल्ह्यातला शेवटचा सामना गोंदियाला होता, सकाळी दहाला, अर्जुनी मोरगावच्या बाजूच्या एका शाळेशी. तो संघ जबर होता, हे सगळे म्हणत. आमच्या मुली सरांबरोबर आदल्या दिवशीच गेल्या. मी सकाळी गळ्यात लाल दुपट्टा टाकून मोटरसायकल काढली. चौकाच्या पुढे एक मालट्रक रस्त्यात आडवा पडलेला आणि मागे गाड्यांची ही लांब रांग. मोटरसायकल काय, कडेच्या चिखलातूनही निघते. रांगेत अडकलेल्या एका बसच्या खिडकीतून पिवळ्या जर्सीतल्या एका मुलीनं हाक मारली.

"ओ लाल दुपट्टेवाले काका! गोंदियाले जाता का?"

"जातो. काऊन?"

"आमची बेसबॉलची मॅच आहे जी. मैदानावर सांगा, आम्ही येऊन राहिलो. थोडं थांबा म्हणा."

तिच्यामागे बाकीच्या मुली खिडकीशी दाटल्या होत्या. त्यांच्या मॅडमनी आतूनच हात जोडले. तेव्हा मोबाईल मोजक्यांच्याच खिशात असायचा. मी म्हणालो, "सांगतो." आणि मला खरंच सांगायचं होतं, हे कोणी मानो न मानो.

मैदानावर पोचलो तेव्हा आमच्या मुली चेंडू झेलत होत्या. दहा वाजले. समोरचा संघ नाही. सर आम्हा बापांजवळ येऊन हळूच म्हणाले, "ते आले नाहीत तर आपल्याला पुढे चाल." म्हणजे न खेळताच विजय. हे ऐकलं आणि माझ्या तोंडाला कुलूप बसलं.

टेबलाशी बसलेल्या स्पर्धेच्या साहेबांनी साडेदहापर्यंत वाट पाहिली. मग आमच्याकडे बघून विचारलं, "किसी को कुछ खबर है उनकी?"

निरोप जिभेवर होता. मी दुपट्ट्यानं तोंड पुसलं. एवढ्यावर थांबलो असतो तरी एक वेळ ठीक, पण मी वर म्हणालो, "नियम तो नियम है, साहेब."

दर रविवारी विहारात मी सगळ्यांबरोबर पंचशील म्हणतो. चौथं शील खोटं न बोलण्याचं. त्या दिवशी मी मनाशी हिशोब मांडला की मी खोटं कुठं बोललो, मी तर त्यांच्याबद्दल काहीच बोललो नाही. मनासारखा वकील नाही, फुकटात कुणाचीही बाजू घेतो.

साहेबांनी सही केली. बाप लोकांनी टाळ्या वाजवल्या. मुलगी चेंडू हातात घेऊन सरांना विचारत होती, "म्हणजे खेळायचंच नाही का?" तेवढ्यात फाटकातून पिवळ्या जर्सी पळत आल्या.

ती खिडकीतली मुलगी त्यांची कप्तान होती. ती टेबलापाशी गेली. साहेबांनी सही केलेला कागद दाखवला. "पण आम्ही निरोप पाठवला होता जी," ती म्हणाली. कोणाच्या हाती, असं साहेबांनी विचारलं तशी ती वळली. मी घाईघाईनं गळ्यातला दुपट्टा काढून खिशात कोंबत होतो. तिची नजर माझ्यावरून पुढे गेली आणि परत आली.

"काका, तुम्ही सांगतलं नाही का?"

तिच्या आवाजात राग नव्हता. काकांच्या लक्षात राहिलं नसेल, असंच तिला वाटत होतं. मी म्हणालो, "ध्यानातून गेलं, बाई." हे मात्र उघड उघड खोटं होतं. माझी मुलगी दोन हात अंतरावर उभी होती. ती माझ्या तोंडाकडे पाहत नव्हती, खिशातून अर्ध्या बाहेर आलेल्या लाल दुपट्ट्याकडे पाहत होती.

सही झालेली बदलली नाही. माझी मुलगी सरांकडे गेली आणि म्हणाली, "सर, आपण तरी खेळू." मग दोन्ही संघ खेळले. आम्ही बाप पहिल्यांदाच गप्प उभे होतो. पिवळ्या जर्सीच्या मुलींनी आमच्या पोरीचे चेंडू पार कुंपणापर्यंत मारले आणि आमच्या मुली हरल्या. तो निकाल कुठेच लिहिला गेला नाही.

कागदावर आम्ही जिंकलेलो. सरांनी संघ पुढच्या स्पर्धेला नेला, प्रमाणपत्रही आलं. मुलीनं दहावीच्या अर्जाला ते जोडलं नाही. गणितात काठावर पास झाली, तिच्या स्वतःच्या गुणांनी. ती माझ्याशी भांडेल म्हणून मी कित्येक दिवस वाट पाहिली. भांडली असती तर बरं झालं असतं.

आता तिचं सासर बिरसीच्या बाजूला आहे. गोड बोलते, माझ्या गोळ्यांची चौकशी करते. कधी मला फोन करून सांगते, "बाबा, आईले सांगा, मी दुपारच्या गाडीनं येऊन राहिली." मी लगेच उठून स्वयंपाकघरात जातो आणि सांगतो. थोड्या वेळानं बायकोचा फोन वाजतो. तिचं वय झालेलं, कमी ऐकू येतं, म्हणून स्पीकर चालू असतो.

"आई, बाबानं सांगतलं का?"

"हो, सांगतलं ना."

मी तिथंच बसलेला असतो. दर वेळी ती विचारते, आणि त्यात तिचं काहीच चुकत नाही.