उभ्याधोंड्याखालचा एक तास

वत्सला सिस्टर गेल्याचं मला धसईच्या बाजारात कळलं. मी वालाच्या शेंगा निवडत होते. भाजीवाली हलकेच म्हणाली, “बाई, सिस्टर गेल्या… पहाटं, झोपेतच.” शेंगा तशाच टाकून मी त्यांच्या घराकडे निघाले.

त्याला आता दीड महिना झाला. शोकसभेत माझी एक जुनी विद्यार्थिनी प्रेमानं म्हणाली, सिस्टरनी सत्तावीस वर्षं वाड्यावाड्यांतून पायी फिरून लस दिली, बाळंतपणं केली, पण उभ्याधोंड्यानं मात्र त्यांना हरवलं. लोक हसले. त्या हसण्यात आपुलकीच होती. मी मान खाली घालून बसले, आणि तेव्हा बोलायला हवं होतं ते बोलले नाही.

उभाधोंडा हे आमच्या भागातल्या एका सुळक्याचं गावठी नाव. ट्रेकिंगवाल्यांच्या यादीत तो कुठंच नाही. सिस्टरच्या आरोग्य उपकेंद्राच्या पायरीवरून तो रोज समोर दिसायचा. त्या म्हणायच्या, प्रत्येक वाडीतून ह्याचं तोंड वेगळं दिसतं, एकदा वर जाऊन आपल्या उपकेंद्राची कौलं बघायचीत. गेल्या वर्षी पौषात माझ्या सहा जुन्या विद्यार्थिनींनी तिथं जायचं ठरवलं. आता त्या संसाराच्या, नोकरीच्या बायका. बाई हव्यातच, असा त्यांचा हट्ट. मी सिस्टरनाही ओढलं. आम्ही दोघी नुकत्याच निवृत्त झालो होतो. वाट दाखवायला वाडीवरच्या हिराबाई होत्या.

उजाडताना निघालो. दवानं साड्या, सलवारी गुडघ्यापर्यंत भिजल्या. कारवीच्या रानातून दोन तास नुसता चढ, मग घसारा… एक पाऊल वर टाकावं तर अर्धं खाली यावं. सिस्टर माझ्या मागं होत्या, मी थांबले की थांबत होत्या. सुळक्याखाली पोचलो तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. शेवटचा टप्पा उभ्या कातळाचा, दोन पुरुष उंचीचा. पाय ठेवायला खोबण्या होत्या, हिराबाईंनी वरून दोर सोडला होता. मुली एकेक करून चढल्या. माझी पाळी आली. मी पहिल्या खोबणीत पाय ठेवला, डावीकडे दरी दिसली आणि पायच उचलेना. वर्गात ह्याच मुलींना मी वर्षानुवर्षं सांगत आले होते, घाबरायचं नाही. आता त्या वरून ओणव्या होऊन माझ्याकडे बघत होत्या.

सिस्टरनी माझ्या तोंडाकडे बघितलं नाही. पायांकडे बघितलं आणि मटकन खाली बसल्या. वर हाक दिली, “पोरींनो, माझ्या पायात गोळा आलाय. बाई माझ्यापाशी थांबतील. तुमी जा.”

मुली पुढं गेल्या. मी खाली उतरून सिस्टरशेजारी बसले. जरा वेळानं म्हटलं, “सिस्टर, तुम्ही जा. मी बसते इथं.” त्यांनी डबा उघडला, तांदळाची भाकरी मोडून माझ्या हातावर ठेवली.

“ऊन छान हाय, बाई. बसा.”

तासभर बसलो. त्यांनी पायाला एकदाही हात लावला नाही. डोक्यावर मुलींचं हसणं ऐकू येत होतं. परतताना घसाऱ्यावर त्या उजव्या पायानं लंगडत होत्या, वाडीपाशी आलो तेव्हा डाव्या. दुसऱ्या कुणाच्या ध्यानात आलं नाही. पुढं वर्षभर लोक त्यांना त्या गोळ्यावरून चिडवत राहिले, त्या हसत राहिल्या. पुन्हा जाऊ, असं मी दोनदा म्हटलं. जाणं झालं नाही.

परवा त्यांच्या घरी गेले आणि त्यांचे यजमान विष्णूभाऊ यांना सगळं सांगून टाकलं.

“मला ठाव हाय, बाई,” ते म्हणाले. “त्या सांजंला घरी आली आन् गोठ्याच्या माळ्यावर पेंढ्याचे भारे चढवत बसली. शिडीनं वर-खाली, वर-खाली. मी इचारलं, गोळा आलता ना? तर हसली नुसती.”

मग तुम्ही कधी कुणाला बोलला नाहीत, असं मी विचारलं.

“ती नाय बोलली. मी कशाला बोलू?”

मी हे ज्या वर्तमानपत्राच्या पुरवणीत लिहितेय, ती त्या मुली वाचतात. त्यांना आज कळेल.

निघताना विष्णूभाऊ मला मागच्या दारानं सोडायला आले. गोठ्याशी यंदाचे पेंढ्याचे भारे अजून खालीच पडले होते, आणि शिडी माळ्याला टेकून उभी होती.