फुटक्या शाळिग्रामाची दक्षिणा

कार्तिक शुद्ध एकादशी. रक्कम एकवीसशे रुपये. हजर तिघं: मी, बावड्याची माझी थोरली बहीण आणि इंदापूरच्या बाजारातला पूजेच्या सामानाचा दुकानदार.

आक्कानं आदल्या दिवशी त्याच्याकडून शाळिग्राम घेतला होता. द्वादशीला तिच्या अंगणात तुळशीचं लग्न, आणि नवरदेव म्हणून तोच बसायचा. मला दाखवायला तिनं तो रुमालातून काढला आणि माझं डोकं तडकलं.

शाळिग्रामातलं चक्र म्हणजे अमोनाइट, ज्युरासिक काळातल्या समुद्री प्राण्याचा दगड झालेला शंख. कच्छमधून आणलेले असे शंख मी बरीच वर्षं गटवार लावून ठेवतो. प्राणी वाढतो तसा शंखाचा वेढा रुंद होत जातो. याचे सगळे वेढे सारखे. शाळिग्रामात सापडणाऱ्या बहुतेक शंखांच्या बरगड्या नाभीपाशी, म्हणजे वेढ्यांच्या मधल्या खळगीपाशी, एकेरी निघतात, पुढे दुभागतात आणि बाहेरच्या कडेवरून पलीकडे जातात. याच्या रेघा कडेला येऊन थांबल्या होत्या. भिंगाखाली बारीक छिद्रं दिसली. म्हणजे आपलाच काळा दगड, लाव्ह्याचा. त्यात समुद्रातला शंख येणार कुठून? कोरून वर तूप चोळलं होतं.

आक्काला घेऊन तडक दुकान गाठलं. "पैसे परत द्या."

"पैसं कुठलं, तात्या? शाळिग्रामाला किंमत नसती. मावशींनी दक्षिणा दिली. दक्षिणा कुणी माघारी मागतं व्हय?"

रूढी खरी आहे. पण तिच्या आडून दगड विकणं ही लबाडी, आणि तीही देवाच्या नावावर. मी तोंडावर तसं सांगितलं.

"आरं, उद्या लगीन हाय," आक्का म्हणाली. "भांडत बसलास तर पाटावर तू बसतो का?"

दुकानदार हसला. "बदलून घ्या की. टोपलीत लई हायेत."

सगळे तसलेच. तळाशी एक मळकट, अर्धा.

"त्यो फुटका हाय. आमी मांडत बी न्हाय."

त्याचे वेढे रुंदावत गेले होते, बरगड्या दुभागल्या होत्या. झिजलेल्या जागी शंखाच्या आतल्या कप्प्यांच्या भिंतींच्या झालरीसारख्या रेषा दिसत होत्या. जात सांगण्याइतका तो पुरा नव्हता, पण अमोनाइट निर्विवाद.

"फुटका चालंल?" मी आक्काला विचारलं.

"शाळिग्राम भंगत न्हाय. सासूबाईंचा बी चिरलेलाच हुता."

"फुटक्याची दक्षिणा पाचशे," दुकानदार म्हणाला आणि नोटा मोजू लागला. किंमतच नव्हती तर हा फरक कशाचा, असं मी विचारलं. त्यानं अंगठा ओला करून पुढची नोट मोजली.

शेवटी दुकानदाराला पाचशे मिळाले. सोळाशे आक्काला परत.