सुगंधाबाईंचा होल्ड

घाटकोपरच्या पंतनगरात सुगंधाबाई परब राहतात. त्यांच्या आयुष्यातल्या कितीतरी संध्याकाळी टीव्हीच्या मागे गेल्या. समोर नव्हे, मागे. तुम्ही म्हणाल, मागे काय असतं? धूळ असते, जळमटं असतात, आणि जुना टीव्ही असेल तर पिळायचं एक काळं बटण असतं. त्याला होल्ड म्हणतात. तो धरून बसणं हे बाईंचं काम.

झालं असं, की त्यांचे थोरले दीर देवदत्त ऐंशीच्या दशकात न्यू जर्सीला गेले आणि पहिल्याच वर्षी त्यांनी धाकट्या भावाला, म्हणजे बाईंच्या नवऱ्याला, शिवदासला, एक घरगुती कॉम्प्युटर पाठवला. टीव्हीला जोडायचा आणि गेम खेळायचा. खोक्यावर निळं आकाश, लाल विमान, पिवळ्या गोळ्या. शिवदासने नुकताच रंगीत टीव्ही घेतला होता, त्यामुळे सगळा मजला बघायला जमला. जोडला, तर चित्र काळं-पांढरं. आवाज नाही. आणि ते चित्र खालून वर असं सरकत सुटलेलं, की शेजारच्या काकू डोकं धरून उठून गेल्या.

आता शहाण्या माणसाने कुणाला तरी विचारलं असतं. परबांच्या घरात विचारायची पद्धत नाही, जमवून घ्यायची आहे. शिवदासने जाहीर केलं, की विमानात सामानाच्या जागी भयंकर थंडी असते, त्यात रंग गोठले. मजल्याने माना डोलावल्या. मग तो कॉम्प्युटर रोज दुपारी गॅलरीत पापडांच्या शेजारी उन्हात ठेवला जायचा. पापड वाळले, रंग काही सुटले नाहीत. एक दिवस झाडू मारताना बाईंचा हात मागच्या बटणाला लागला आणि सरकणारं चित्र जागेवर उभं राहिलं. हात काढला, पुन्हा निघालं. त्या दिवसापासून बाई मागे बसल्या.

आवाजाचं खातं मुलाकडे, सुयोगकडे. गोळी सुटली की टुंई, लागली की धडाम. हा सुयोग आज अंधेरीला विमा कंपनीत मॅनेजर आहे, कानाजवळ पिकलाय, तरी रविवारी बापाने गेम लावला की भिंतीला टेकून टुंई टुंई करतो. लग्नानंतरच्या पहिल्या रविवारी सुनेने, श्रुतिकाने, हा प्रकार पाहिला आणि ती थेट माहेरी फोन करायला खाली उतरली होती.

आणि सगळ्यात वरताण म्हणजे, सुगंधाबाईंनी तो गेम कधी पाहिलाच नव्हता. त्या समोर आल्या की बटण सुटायचं, आणि बटण सुटलं की बघण्यासारखं काही उरायचंच नाही. शिवदासने धरून पाहिलं, सुयोगने धरून पाहिलं. कुणाच्या हाताला ते राहील तर शपथ. बाई मागून विचारायच्या, "थांबलं का?" समोरून उत्तर यायचं, "थांबलंय, हलू नको." एवढाच त्यांच्या वाट्याचा गेम.

खोटं बोलल्या त्याही बाईच. पहिल्या ट्रंककॉलवर देवदत्तांनी विचारलं, "सुगंधा, रंग कसे दिसतत गो?" परक्या देशात एकटा पडलेला माणूस, आवाजात इतकी आशा. बाईंच्या तोंडून निघून गेलं, "डोळे दिपतात, भावजी." गेलं ते गेलं. मग दर फोनला तेच विचारणं आणि तेच डोळे दिपणं. देवदत्त गावी जाता-येता घरी टेकले, की कॉम्प्युटर नेमका कुणीतरी नेलेला असायचा. एकदा तर बाईंनी तो मढला शूटिंगसाठी नेलाय म्हणून ठोकून दिलं, आणि भावजींनी ते न्यू जर्सीभर सांगितलं.

यंदा देवदत्तांचं हृदयाचं ऑपरेशन झालं. फोनवर म्हणाले, "आता पुन्हा येणं होईल असं वाटत नाही. ह्यावेळी तो कॉम्प्युटर बघितल्याशिवाय जायचो नाय."

बाईंना धास्ती बसली. एवढं मोठं ऑपरेशन झालेला माणूस. आपण इतकी वर्षं त्याला थापा मारल्या हे कळलं आणि त्याच्या जिवाचं काही झालं तर? त्यांनी सगळं सुनेच्या कानावर घातलं. श्रुतिकाने मोबाईलवर शोधलं आणि सांगून टाकलं, "आई, हे बिघडलेलं नव्हतंच. तिकडचं टीव्हीचं स्टँडर्ड वेगळं, आपलं वेगळं. त्यांचं चित्र सेकंदाला साठदा येतं, आपला टीव्ही पन्नासची सवय असलेला, म्हणून सरकतं. रंग पाठवायची रीतही निराळी, आवाजाचीही."

"म्हणजे गोठले नव्हते?" बाईंनी नवऱ्याकडे बघितलं. शिवदास पेपरात तोंड घालून बसला.

साकीनाक्याहून एक डबी आणली, तिकडचं इकडचं करणारी. तिने चित्र थांबवलं, रंगही आणला, पण एकच. सगळं हिरवंगार. नव्या चपट्या टीव्हीला जोडलं तर तो सिग्नल नाही म्हणून निळा होऊन बसला. "निदान निळा तरी झाला," शिवदास म्हणाला, आणि बाईंनी त्याला दोन तास चहा दिला नाही.

शेवटी डबी काढून ठेवली आणि माळ्यावरून ती जुनी पारदर्शक रंगीत काच उतरवली. काच कसली, प्लास्टिकच. काळ्या-पांढऱ्या टीव्हीवर लोक लावायचे ना, वर निळी, मधे लालसर, खाली हिरवी, तीच. ती पडद्यावर चिकटवली. टीव्हीच्या मागे साडीचा आडोसा केला, त्यामागे बाई. सुयोग स्वयंपाकघराच्या दाराआड, तोंडाला स्टीलचा पेला. भावजींना सांगायचं ठरलं, की सुगंधा देवळात गेलीय.

देवदत्त आले, पाणी प्यायले, खुर्चीत टेकले. शिवदासने कॉम्प्युटर लावला. वर निळं आकाश, मधे लालसर विमान. पेल्यातून टुंई झाली. देवदत्त बघत राहिले. विमान जरा खाली उतरलं आणि हिरवं झालं, तरी ते बघतच होते.

तेवढ्यात धुळीने दगा दिला. बाईंना शिंक आली, बोटं निसटली, आणि आकाशासकट विमान वर निघालं.

"सुगंधा," देवदत्त जागचे न हलता म्हणाले, "होल्ड जरा डावीकडे घे."

आडोशामागे बांगड्या वाजल्या. मग चित्र थांबलं. सवयीने सुयोगने एक टुंई केली आणि स्वतःच तोंडावर हात ठेवला. बाई केसांत जळमटं घेऊन बाहेर आल्या आणि रडू लागल्या. "भावजी, मी खोटं बोलले. रंग कधीच नव्हते."

"माका म्हाइत हा गो," देवदत्त म्हणाले. "दुसऱ्या वर्षी मी टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात लागलो. तिथे कळलं, हे आपल्याकडे धड चालणारच नाही. म्हटलं वाट लागली, भावाला भंगार पाठवलं. कबूल करायला फोन लावला, तर मी बोलायच्या आत तू म्हणालीस, डोळे दिपतात. तो कॉम्प्युटर माळ्यावर पडून असणार आणि तू माझं मन राखतेस, असं धरून चाललो. ऐकायला बरं वाटायचं, म्हणून दरवेळी विचारायचो."

ते उठून टीव्हीच्या मागे गेले आणि वाकून बटण बघितलं. त्यावरच्या रेघा झिजून ते गोट्यासारखं गुळगुळीत झालं होतं. बराच वेळ ते त्यावरून बोट फिरवत राहिले.

"तू समोर बस," ते म्हणाले. "मी धरतो."

"कुणाच्या हाताला राहत नाही ते."

"टीव्ही दुरुस्त करण्यात जन्म गेला माझा. बस तू."

"दादा, ऑपरेशन झालंय तुझं," शिवदास म्हणाला.

"गप रे मेल्या."

चित्र थरथरलं, दोनदा वर गेलं आणि उभं राहिलं. सुगंधाबाई नवऱ्याच्या खुर्चीत बसल्या. एक चौकोन, त्याला नाकासारखा एक ठिपका, आणि वरून पडणारे चार ठोकळे. त्या खूप वेळ बघत राहिल्या.

"एवढंच?" त्यांनी विचारलं.

"एवढंच," शिवदास म्हणाला.

"ह्याच्यासाठी मला मागे बसवलंत?"

सुयोग पेल्यात बघत उभा होता. मागून देवदत्तांचा आवाज आला, "थांबलं का गो?"

"थांबलंय, भावजी. हलू नका," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी नवऱ्याच्या हातातली गेम खेळायची काठी काढून घेतली. "सरका तिकडे. आणि सुयोग, तू आवाज काढ."